टोपलीभर शेण, गाडीभर खत



‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण तुम्हांला पाठ असेल. पण माघ-फाल्गुनात आपल्या नाकाडोंगरीच्या शिवारात एखाद्या पळसाखाली जाऊन उभे राहा. पाने तीन नाहीत, टोपल्या तीन भरतील! पळस झडतो, साग झडतो, मागोमाग मोह झडतो. घरोघरच्या मायमावशा सकाळी अंगण झाडतात, पाल्याचा ढीग करतात आणि त्याला काडी लावतात. पाच मिनिटे धूर, मग चिमूटभर राख. झालं, कचरा संपला!

खरंच संपला का? जरा विचार करू या. झाडाची मुळे जमिनीत खोलवर जातात. तिथले नत्र, स्फुरद, पालाश ओढून घेतात आणि पानात साठवतात. पान गळून खाली पडते, कुजते, आणि ते सारे पुन्हा जमिनीला मिळते. जंगलात कोणी युरियाची पिशवी घेऊन जात नाही, तरी साग एवढा उंच वाढतो तो याच्याच जोरावर. आपण मात्र अंगणातल्या पाल्याला काडी लावतो तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे नत्र धुरावाटे आभाळात जाते. पालाश राखेत उरतो खरा, पण ती राख वाऱ्याने उडते नाहीतर पहिल्याच पावसात नालीत वाहून जाते.

तणसाचेही तसेच. एक हजार किलो तणसात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १४ ते २० किलो पालाश असतो. चांगले तणस गाईबैलांना पाहिजे, त्याला हात लावायचा नाही. पण गोठ्यात खाली पडलेले, तुडवलेले, पावसाने सडून काळे झालेले तणस कोण खाते? तेसुद्धा आपण बांधीच्या कोपऱ्यात पेटवून देतो.

मोहाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत आपल्या भागात फार जुनी. जमीन साफ असली की पहाटे पडलेले फिकट फूल लांबून दिसते, वेचणाऱ्याचे कष्ट वाचतात. हे खरे आहे. पण चैत्रातला वारा कोणाचे ऐकत नाही. झाडाखालची आग गवताला लागते, गवताची जंगलाला लागते. उन्हाळ्यातल्या कितीतरी वणव्यांचे मूळ असे एखाद्या झाडाखालच्या काडीत असते. नाकाडोंगरी हे वनपरिक्षेत्राचे गाव, जंगल आपल्या दारात. त्या वणव्यात रानकोंबडीची अंडी जातात, ससे जातात, मोहाची कोवळी रोपेही जातात. मग पुढच्या पिढीने फूल वेचायचे कोणत्या झाडाचे? खराटा घेऊन पाला बाजूला सारला तरी फूल तितकेच साफ दिसते. जंगलातला पाला बाजूला सारून तिथेच ठेवावा, तो जंगलाचा आहे. आपल्या बांधावरच्या मोहाचा, अंगणातल्या आंब्याचा, सांदवाडीतल्या पेरूचा पाला मात्र आपला. त्याचे खत करावे.

आता तुमच्यापैकी कोणीतरी नक्की म्हणणार, “गुरुजी, खत कराले शेण पाहिजे जी. शेण कुठं आहे?”

प्रश्न बरोबर आहे. पूर्वी घरटी बैलजोडी असे. आता नांगरणी-चिखलणीला ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले. जे शेण मिळते त्यातले बरेचसे गवऱ्या होऊन चुलीत जाते. गवरी थापणाऱ्या मायला नावे ठेवायचे काही कारण नाही. गॅसचे सिलिंडर संपले तरी घरात भात शिजलाच पाहिजे. तेव्हा शेण थोडेच मिळणार हे धरून चालायचे, आणि त्या थोड्या शेणात खत पुष्कळ कसे होईल ते पाहायचे.

नेमके हेच कोडे आपल्या विदर्भातल्या एका माणसाने सोडवले. त्यांचे नाव नारायण देवराव पांढरीपांडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे हे गांधीवादी कार्यकर्ते. त्यांच्या नावातल्या अक्षरांवरून लोक त्यांना ‘नाडेप काका’ म्हणू लागले आणि त्यांच्या पद्धतीलाही ‘नाडेप’ हेच नाव पडले. आज मध्य प्रदेशात, राजस्थानात, कुठेही खताची गोष्ट निघाली की नाडेप टाक्याचे नाव येते. पण हे नाव पुसदच्या एका माणसाचे आहे हे आपल्यालाच ठाऊक नसते!

त्यांच्या आधी कोणी खत करत नव्हते असे नाही. उकिरडा तर आपल्या आजोबा-पणजोबांपासून आहे. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात शास्त्रशुद्ध कंपोस्टची पद्धत बसवली आणि यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्याबरोबर १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. पद्धत उत्तम, पण तिच्यात ढीग पुन्हापुन्हा वरखाली करावा लागतो, म्हणजे खतात हवा खेळते. दिवसभर रोवणीत वाकलेल्या माणसाला संध्याकाळी खताचा ढीग उलथायला सांगा बरे! नाडेप काकांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी विटांचे टाके जमिनीच्या वर बांधले आणि भिंतीत ठिकठिकाणी वीट न लावता भोके ठेवली. हवा आपली आपण आत जाते. एकदा भरले की ढवळायचे काम नाही.

हे टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. आत थर द्यायचे. आधी सहा इंच काडीकचरा, म्हणजे १०० किलोंच्या आसपास. त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात ४ किलो शेण कालवून शिंपडायचे. फक्त ४ किलो! त्यावर ५० ते ६० किलो कोरडी चाळलेली माती पसरायची आणि पाण्याने भिजवायची. असे अकरा-बारा थर होतात. टाके भरून वर दीड फूट झोपडीच्या छपरासारखा उंचवटा आला की माती टाकून शेणमातीने लिंपून बंद करायचे. पंधरा-वीस दिवसांनी ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचे. तडा गेला तर बुजवायचा, ओल टिकवायची. ९० ते १२० दिवसांत खत तयार. सगळे मिळून शेण लागते ९० ते १०० किलो आणि खत निघते सुमारे तीन टन. म्हणजे दहा किलोच्या एका टोपलीभर शेणामागे तीनशे किलो खत, बैलबंडीची एक खेप!

चौथीच्या वरच्या मुलांनी इथे जरा थांबावे. तीन टन ऐकून हुरळून जाऊ नये. टाक्यात कचरा जातो चौदाशे-पंधराशे किलो आणि माती जाते साडेसतराशे किलो, तेव्हा त्या वजनात मातीचा वाटा मोठा आहे. खताचे टाके काही नत्र जन्माला घालत नाही, जे आत टाकले तेच बाहेर येते. पंधराशे किलो तणसासारखा कचरा घातला तर त्यात नत्र साडेसात ते बारा किलो. युरियाची आजची पिशवी ४५ किलोची, तिच्यात शंभराला ४६ या हिशेबाने नत्र भरते वीस किलो सातशे ग्रॅम. म्हणजे अख्खे टाके फार तर अर्ध्या पिशवीच्या बरोबरीचे. शिवाय ते नत्र सावकाश सुटते, एका हंगामात सगळे मिळत नाही.

मग एवढी खटपट कायले? कारण युरियात नुसते नत्रच असते. खतात त्याबरोबर स्फुरद, पालाश, जस्त असे सगळे थोडेथोडे असते आणि मुख्य म्हणजे कुजून काळी झालेली वनस्पती असते. तिला ह्यूमस म्हणतात. ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते, चिकट माती मोकळी करते, गांडुळांना खाऊ घालते. दोन कुंड्यांत पालक लावून एकीत खत घाला, दुसरीत नुसती माती. मग दोन दिवस पाणी देऊ नका. कोणती कुंडी आधी मान टाकते ते तुम्हीच सांगा. तेव्हा युरिया वाईट आणि खत चांगले असे भांडण लावून देण्यात अर्थ नाही. एका घरच्या कचऱ्यात पाच एकरांची बांधी पिकणार नाही, पण सांदवाडी पिकेल आणि पऱ्ह्यांची वाफी नक्की सुधारेल.

विटांचे टाके बांधायला पैसा लागतो. तो नसेल तरी अडत नाही. बांबूच्या तट्ट्यांचे टाकेही चालते, त्याच्या फटी म्हणजे आयती भोके. आणि तुमच्यासारख्या नवशिक्यांसाठी त्याहून सोपा उपाय आहे. बहुतेक घरांत एखादी फुटकी ढोली पडलेली असते. धान ठेवायला निकामी झालेली, बूड गेलेली, उंदरांनी कुरतडलेली. तीच घ्या. तिचे लिंपण खरवडून काढा म्हणजे बांबूच्या फटी मोकळ्या होतील. ढोली नसेल तर मोठा जुना टोपला, तोही नसेल तर चार खुंट्या ठोकून भोवती तुराट्यांचा कूड करा. रुंदी हात-दीड हात तरी हवी. दोन हात असेल तर फारच छान, ढीग मोठा असला की तो चांगला तापतो. जागा घराच्या मागे, झाडाच्या सावलीत आणि विहिरीपासून लांब. खर्च शून्य.

खड्डा मात्र करू नका. पुष्कळ पुस्तकांत खड्डा खणा असे लिहिलेले असते. ते कमी पावसाच्या मुलखाला ठीक आहे. आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा, इथे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. श्रावणात खड्ड्याची बोडी होते! हवा बंद होते, खताऐवजी काळा दुर्गंधी चिखल तयार होतो आणि वर डास.

तळाला जाड काड्या आडव्या-उभ्या टाका, म्हणजे खालून हवा येईल. मग एक गोष्ट लक्षात ठेवा: सुके तीन टोपल्या, ओले एक टोपली. सुके म्हणजे वाळला पाला, सडके तणस, लाखोळीचे काड, भुईमुगाची टरफले. ओले म्हणजे भाजीची देठे-साली, हिरवे तण, शिळे कुजके फळ. शाळेत पोषण आहार शिजतो तिथली वांग्या-बटाट्याची सालेही यातच आली. सागाची पाने जाड असतात, ती हाताने चुरगाळून टाका. तणस चार बोटे लांबीचे तोडून घ्या. त्यात वाळूचा अंश असतो, म्हणून ते कुजायला हट्टी. त्यावर नारळाएवढा शेणाचा गोळा बादलीभर पाण्यात कालवून शिंपडा आणि एक घमेले माती पसरा. गोठ्यातली मुतात भिजलेली माती मिळाली तर सोने! जनावरे जे नत्र टाकतात त्यातले जवळजवळ अर्धे मुतातून जाते, आणि आपण नुसते शेण तेवढे गोळा करतो. असे थर रोज थोडेथोडे दिले तरी चालतात. ओले टाकले की लगेच वर सुके टाकायचे, ते उघडे ठेवायचे नाही. माशा येत नाहीत, वास येत नाही, आणि आजी ओरडत नाही.

सुके आणि ओले असे का, ते सांगतो. कुजवण्याचे काम शेण करत नाही. शेणातले, मातीतले, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरश्या ते करतात. सुका पाला म्हणजे त्यांचा भात आणि ओला कचरा म्हणजे त्यांची डाळ. नुसता भात घातला तर ते आळशी होतात, ढीग वर्षभर तसाच पडून राहतो. नुसती डाळ घातली तर अपचन होते, म्हणजे ढिगातून नत्र वायू होऊन निघून जाते आणि नाकाला झोंबते. शेण थोडे पुरते ते याचमुळे. त्याचे काम विरजणाचे. एक हंडा दुधाला कोणी हंडाभर दही लावते काय?

हे जीव कामाला लागले की ढीग तापतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठ्या माणसाला एक लोखंडी सळई ढिगात खुपसायला सांगा. दहा मिनिटांनी काढली तर हाताला चटका बसेल इतकी गरम असते. मोठा ढीग ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत जातो. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, रोगाचे जंतूही मरतात. मडक्यात किंवा लहान टोपलीत खत केले तर ते होते, पण इतके तापत नाही. म्हणून त्यात बी धरलेले तण किंवा रोगट वांग्याचे झाड टाकू नये.

पाणी किती? मूठभर माल घेऊन दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त झाले, सुका पाला मिसळा. काहीच आले नाही तर शिंपडा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी पाहावे लागते. भांडी धुतलेले साबणाचे पाणी नको, तांदूळ धुतलेले चालेल. पावसाळा लागला की वर तणसाचे किंवा पळसपानांचे छप्पर घालावे.

हाडे, मासळीचे काटे, तेलकट उरलेसुरले टाकू नये, कुत्री सगळे उकरून ठेवतात. राख चिमूट-चिमूट चालेल, घमेलेभर टाकली तर नत्र उडते. प्लास्टिक, काच, गोळ्या-औषधे अजिबात नकोत. आणि टॉर्चचे जुने सेल तर मुळीच नकोत. गंमत पाहा, सेलमध्ये जी काळी पूड असते ती मँगनीज डायऑक्साइडची, आणि तसले मँगनीज आपल्याच तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघते. खाणीतून निघाले, कारखान्यात गेले, सेल होऊन गावात परत आले! म्हणून काही ते वांग्याच्या मुळाशी घालायचे नाही. सेलमध्ये इतरही धातू असतात. खाणीच्या ढिगाऱ्यावरची मातीही खताला घेऊ नये, शेताची घ्यावी.

आता नीट ऐका. पाल्याच्या ढिगात विंचू बसतो, पावसाळ्यात सापही येतो. ढिगात थेट हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचे, अंधारात जायचेच नाही, पायात काहीतरी घालायचे. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी काम भावाला किंवा बहिणीला द्यावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, नखेसुद्धा.

ढिगात किडे दिसले की घाबरू नका. राखाडी, चपट्या अळ्या कचराच खातात, त्या आपल्या मजूर आहेत. पांढरे, जाड, अर्ध्या बांगडीसारखे वाकलेले किडे मात्र वेचून कोंबड्यांना घालावेत. त्यांच्यातले काही शेतात गेले तर पिकाची मुळे खातात. घाण वास आला तर पाणी जास्त आहे किंवा हवा कमी आहे. काठीने भोके पाडा, सुका पाला घाला, दोन-तीन दिवसांत वास जातो. ढिगात मुंग्यांनी घर केले तर समजा तो फार कोरडा आहे.

सुरुवात कधी करावी? याचेही गणित आहे. मिरग लागतो ७-८ जूनला. त्याच सुमारास पऱ्हे टाकायची तयारी असते. त्या वेळी खत हाताशी हवे आणि कुजायला शंभर दिवस लागतात असे धरले, तर ७ जूनपासून शंभर दिवस मागे मोजा. येतो २७ फेब्रुवारी, म्हणजे आपला मराठी भाषा गौरव दिन! पानगळही नेमकी त्याच सुमारास. त्या आठवड्यात ढोली भरून बंद केली तर मिरगाला उघडता येईल. फेब्रुवारी हुकला तर पानगळीचा पाला पोत्यात भरून छपराखाली ठेवा, तो वाया जात नाही. पावसाळ्यात हिरवे तण भरपूर मिळते, तेव्हा हाच साठवलेला पाला ‘सुके’ म्हणून उपयोगी पडतो.

खत झाले हे कसे ओळखावे? हात घातला (काठीने पाहून, विसरू नका) तर थंड लागते. रंग काळपट तपकिरी होतो. पाल्याचे पान ओळखू येत नाही. आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा येतो. शेणाचा वास येत असेल तर अजून पंधरा दिवस थांबा, कच्चे खत घातले तर रोप पिवळे पडते.

तयार खत चाळून घ्या. रेती चाळायची जाळी चालेल. बारीक खताचे एक-एक घमेले पऱ्ह्यांच्या वाफीवर पसरून मातीत मिसळा. सांदवाडीत वांगी, टमाटर, दोडक्याच्या वेलाला बुडाशी ओंजळ-ओंजळ घाला, आणि सांबार पेरण्यापूर्वी वाफ्यात दोन बोटांचा थर द्या. उन्हात उघडे ठेवू नका, त्यातली ओल आणि जीव दोन्ही जातात. पोत्यात भरून सावलीत ठेवा. चाळणीवर जे जाडेभरडे राहील, अर्धवट काड्या, सागाच्या शिरा, आंब्याच्या कोयी, ते फेकायचे नाही. पुढच्या ढोलीत पहिल्या थरावर तेच पसरायचे. त्याच्यात ते जीव तयार बसलेले असतात, म्हणून दुसऱ्या वेळी शेण आणखी कमी लागते.